साडेपाचच्या आत उतरणारी वाट

आमच्या ग्रुपात वाट निवडायचं काम माझ्याकडे आहे. कोणी दिलं नाही, मी घेतलं. भूगोल घेऊन बी. ए., नंतर बी. एड. आमच्या घरात पदवीचा कागद आणणारी मी पहिली. तो कागद मी पेटीत ठेवला नाही, खिळा ठोकून भिंतीवर लावला. पांढरकवड्याला एका शाळेत शिकवते, तिथेच खोली करून राहते आणि शनिवारी गावी जाते. गाव अकरा किलोमीटरवर.

ग्रुप म्हणजे दहा-बारा माणसं. आम्ही तीन शिक्षिका, दवाखान्यातली एक सिस्टर, मेडिकलवाले भाऊ, बँकेतले एक साहेब, असेच बाकीचे. महिन्यातून एका रविवारी दिवसाचा ट्रेक. थंडीत एखादा मुक्कामी, पाठीवर सॅक आणि भाड्याचे तंबू घेऊन. किल्ले आमच्याकडे नाहीत. धबधबे आहेत, पण ते दोन महिने. म्हणून वाट निवडताना मी जे पाहते ते पुण्याकडच्या लोकांना कदाचित क्षुल्लक वाटेल. वर पाणी आहे का. वाघाची काय खबर आहे. जंगलखात्याची परवानगी लागते का. बायांना आडोसा आहे का, कारण फेब्रुवारीनंतर सागाची पानं गळतात आणि अख्खा डोंगर आरपार दिसतो. देखावा सगळ्यात शेवटी. पुरुष मंडळी देखाव्यापासून सुरू करतात, मी देखाव्यावर संपवते.

आणखी एक नियम होता. वाट आधी स्वतः चालून पाहायची. हा नियम मी एकदाच मोडला.

जानेवारी संपत आला होता. शनिवारी गावी गेले तर वहिनी चुलीपुढं बसून म्हणाली, "बाई, तुमी लोकं तथी डोंगरावर जाऊन करता काय?"

"काही नाही. चढतो, पाहतो, उतरतो."

"मंग मले बी याचं हाय एकदा."

दादा पलीकडे जेवत होता. घास तोंडात तसाच ठेवून म्हणाला, "तू? आयुष्य गेलं वावरात उनातान्हात, आन् आता सुट्टीच्या दिवशी बी उन्हातच जातेस?"

"तुमी जाता न बाजाराले, बिनकामाचे."

दादानं उत्तराऐवजी अट घातली. घरात एक म्हैस आहे, आणि ती वहिनीच्या हातची आहे. दुसऱ्या कोणाचा हात लागला की ती दूध वर चढवते, लाथ मारते, बादली उडवते. दादाच्या नडगीवर त्याची खूण आहे. संध्याकाळची धार साडेपाचला असते.

"जाय," दादा म्हणाला. "मी नाही म्हणलो काय? पण साडेपाचले घरी पायजेस. नाहीतर पुन्हा मले इचारू नको, आन् इनेही तुले नेऊ नये."

'इनेही' म्हणजे मी.

आता डोंगर म्हशीच्या वेळेत बसवायचा होता. देवळाच्या पायऱ्यांचा डोंगर दोन तासांत होतो, पण तिथे वहिनी दर वर्षी जत्रेला जातेच. पैनगंगेचं वळण दिसतं ते पठार सगळ्यात चांगलं. मला वहिनीला तेच दाखवायचं होतं. पण बैलगाडीच्या जुन्या वाटेनं जाऊन त्याच वाटेनं उतरलं तर घरी यायला सात वाजतात. मी मोबाईलवर उपग्रहाचा फोटो उघडला आणि बोटांनी मोठा केला. पठाराच्या उत्तरेकडून एक वाट निघाली होती. सरळ, रुंद, थेट खालच्या डांबरी रस्त्यापर्यंत. बैलगाडीच्या वाटेच्या निम्मीसुद्धा नव्हती. हिशेब केला तर चारला घरी.

पुढच्या शनिवारी शाळेत सराव परीक्षा होती, त्यामुळे ती वाट चालून पाहता आली नाही. जंगलखात्याच्या गार्डला फोन केला. वाघाचं विचारलं. तो म्हणाला, "इकडे नाही मॅडम, वाघ सध्या पलीकडच्या जंगलात हाय." वाटेचं विचारलं नाही. वाट तर मला दिसतच होती. समोच्च रेषा मी दहावीच्या मुलांना शिकवते. त्या जवळजवळ आल्या की उतार उभा, हे मुलांकडून पाठ करून घेते. त्या रात्री मी फोटो पाहिला, रेषा पाहिल्या नाहीत.

रविवारी वहिनी नेहमीची पाचवारी नेसून, दादाचे कॅनव्हासचे बूट घालून आली. बूट मोठे होते म्हणून पुढे कापूस कोंबला होता. मेडिकलवाले भाऊ म्हणाले, "वहिनी, घरचा कापूस का?"

"मंग काय तुमच्या दुकानातला बंडल आणू?"

चढताना ती मध्येच चालली, पुढे नाही की मागे नाही. थकलीही नाही आणि थकत नाही असंही दाखवलं नाही. पठारावर पोचलो तेव्हा बारा वाजले होते. खाली पैनगंगा उन्हात पांढरी पडली होती, पलीकडे आदिलाबादकडचं रान. सगळ्यांनी मोबाईल काढले. वहिनी कपाळावर हात धरून बराच वेळ खाली पाहत राहिली. मग म्हणाली, "त्या कडच्या वावरात तूर उभीच हाय अजून. काहून कापली नसन?"

"वहिनी, नदी पाह्य."

"पाह्यली न. नदी काय पळून राह्यली?" मग तिनं विचारलं, "आता काय कराचं?"

"काही नाही. बसायचं."

"बसाले एवढ्या वर आलो?"

पण बसली. पाय लांब केले, बूट काढले, कापूस काढून बाजूच्या दगडावर वाळत ठेवला. आम्ही डबे खाल्ले, आवरलं. दोन वाजता मी म्हटलं, चला. तर ती उठेना. "थांबा न वो बाई," म्हणाली. "इथी कोणी मले आवाज देऊन नाही राह्यलं." मी पंधरा मिनिटं दिली. तिनं तीस घेतली. घड्याळ मी पाहत होते, ती नाही.

उत्तरेच्या कडेवर आलो आणि माझी वाट समोर आली. काळी होती. दोन्हीकडे सागाचं जंगल आणि मध्ये दहा-बारा पावलं रुंद पट्टा कापून, गवत जाळून साफ केलेला. डोंगर जसा जातो तसा तो नव्हता, पट्टी ठेवून आखल्यासारखा खाली गेलेला.

वहिनी कडेवरच थांबली. "हे वाट नाही वो बाई. ही जाळरेषा हाय. जंगलात वणवा लागला का इकडची आग तिकडे जाऊ नये म्हणून कापतात. आमच्या माहेराकडे माह्या बापानं मजुरीनं जाळल्या हायेत असल्या. हिच्यावरून माणूस कायले उतरन?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. बँकेतले साहेब म्हणाले, "मॅडमनी बघितलंच असेल ना आधी."

मी हो म्हटलं. पाहिलं होतं, मोबाईलवर. एवढं पुढे बोलले नाही.

सुरुवातीची दोनशे पावलं जमली. पुढं मुरूम पायाखालून सरकायला लागला. धरायला काही नाही, कापलेल्या झुडपांचे खुंट तेवढे, भाल्यासारखे तिरपे छाटलेले. मेडिकलवाले भाऊ बसून सरकू लागले आणि म्हणाले, "ही वाट हाय का घसरगुंडी? तिकीट कोण फाडते इथलं?" कोणी हसलं नाही. तेवढ्यात सिस्टर घसरली. सात-आठ हात खाली जाऊन एका खुंटाला अडकली. तळहात सोलले, कुर्ता फाटला. पोटापासून चार बोटांवर खुंटाचं टोक होतं. ती उठून बसली, हाताकडे पाहिलं आणि कामावर बोलते त्याच आवाजात म्हणाली, "लागलं नाही फार. पण मी आता पुढं येत नाही."

सव्वातीन वाजले होते. खाली डांबरी रस्ता दिसत होता, त्यावर सकाळी आम्हाला सोडून वळसा घालून आलेली आमची भाड्याची जीपही दिसत होती. पंचवीस मिनिटांत वहिनीला जीपमध्ये बसवता आलं असतं. मी तिला म्हटलं, "तू आणि भाऊ उतरा पुढं. तुला साडेपाच गाठायचेत. मी बाकीच्यांना घेऊन वरून फिरून येते."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. पट्ट्याला आडवी छेदून एक बारीक पायवाट गेली होती, ती पाहत होती. खाली वाकून शेणाचा पो बोटानं दाबला. "ओला हाय. सकाळचीच गुरं गेली. गुरं सरळ उतरत नाहीत, बाई. वळसा घेतीन, पण गावालेच जातीन."

"कोणत्या गावाला?"

"ते मले काय माहीत? गुराईले माहीत."

"आणि म्हैस?"

तिनं सिस्टरचा दंड धरला आणि आडव्या वाटेला लागली.

ती वाट चांगली होती. डोंगराच्या कुशीतून तिरपी जात होती, कुठेही गुडघ्यावर जोर येत नव्हता, मध्ये एका झऱ्याला पाणीही होतं. मला आजवर सापडलेली ती सगळ्यात चांगली वाट, आणि ती मी निवडलेली नाही. पण ती डोंगराच्या दुसऱ्या बाजूच्या गावात उतरली. तिथे साडेपाच वाजले. मोबाईलला रेंज आल्यावर वहिनीनं दादाला तीनदा फोन लावला. त्यानं उचलला नाही. जीपला वळसा घालून यायला आणखी अर्धा तास लागला. जीपमध्ये तिनं कापूस भरून बूट पुन्हा घातले, काढले, पुन्हा घातले.

मी म्हटलं, "चूक माझी आहे. दादाला मी सांगते."

"सांगजा न. पण त्यानं काय होते? मले तर नाहीच म्हणन आता."

घरी पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. अंगणात दादा नव्हता. गोठ्यातला बल्ब लागला होता. आम्ही दोघी दारात गेलो आणि थांबलो.

दादा म्हशीखाली बसला होता. अंगावर वहिनीची जांभळी साडी होती. डोक्यावरून पदर, खांद्यावरून दोन वेढे, उरलेली मागे शेणात. म्हैस कान हलवत उभी होती. वास ओळखीचा होता, हात नव्हता, आणि तिचं अजून ठरलेलं दिसत नव्हतं. बादलीत अर्ध्याच्या खाली दूध होतं. आमचा आवाज ऐकून दादानं मान वळवली, पण उठता येईना, म्हैस बिथरली असती. तोंडावर आलेला पदर त्यानं कोपरानं मागे सारला.

मी जीपमध्ये जुळवलेली वाक्यं बोलायला तोंड उघडलं. वहिनीनं मला हातानं मागे केलं. पुढे जाऊन म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि दादाला म्हणाली, "सरका."

तो सरकला. ती बसली आणि दुधाचा आवाज बदलला. दादा बाजूला उभा राहून अंगावरची साडी सोडत होता. सोडताना ती आणखी गुंडाळली जात होती.

"वाजले किती?" शेवटी त्यानं विचारलं.

"सात," वहिनी म्हणाली. मान वर केली नाही. "पण ते जांभळी काहून घेतली? ते लग्नातली हाय."

"मले काय माहीत कोणती? दोरीवर जे होती ते घेतली."

"शेणात गेली न सगळी."

"मंग पुढच्या खेपेले जुनी काढून ठेवत जाजो," दादा म्हणाला आणि साडीचा बोळा माझ्या हातात देऊन हातपाय धुवायला गेला.