तुळसाबाईच्या घरची पाहुणी

आर्णीच्या अलीकडं आमचं गाव. तिथं कोणाच्याही लेकराले ताप आला की तुळसाबाई काठी टेकत त्या घरी जाते आणि एकच सांगते, फोडणी देऊ नका. सुना मान डोलावतात, अन् म्हातारीची पाठ फिरली की तेलात मोहरी टाकतात. तडतड तिले ऐकू येते. ती काठी टेकत पुढं निघते.

गोवराची सुई गावात आली नव्हती, तेव्हाची गोष्ट. गोवराले कोणी रोग म्हणतच नसे. माय आली म्हणत. माय म्हणजे घरची पाहुणी. दाराले कडुनिंबाचा डहाळा, घरात तळण-फोडण बंद, आणि ज्या लेकराच्या अंगावर ती उतरली त्याच्या पाया सारं गाव पडे. शेजारच्या कांताबाईच्या गोविंदाले गोवर निघाला, तशी तुळसाबाईनं आपल्या लेकीले, वेणूले, न्हाऊ घातलं, कुंकू लावलं अन् तिचं डोकं धरून गोविंदाच्या पायावर टेकवलं. त्याच्या ताटातला उष्टा दहीभात चारला. पोर धडधाकट राहो, एवढंच मागितलं.

पंधरवडा गेला नाही तं वेणूच्या अंगावर पुरळ. पोर तापानं फणफणून राह्यली होती अन् फोडणीचं वरण मागत होती. तुळसाबाईनं अळणी भात पुढं केला. नवऱ्यानं, वामनरावानं, डॉक्टरकडं न्यायले बंडी जुंपली, तं ही दारात आडवी झाली. पाहुणी घरात असताना सुई टोचली तं कोपंल. भेव त्यालेही होतंच. त्यानं बैल सोडले.

वेणू गेली. बाया म्हणाल्या, मायले आवडली, ठेवून घेतली. पाहुणीपुढं रडायचं नसते, म्हणून तुळसाबाई रडलीही नाही.

परवा तोच गोविंदा आला. आता साठी उलटली त्याची, ऑटो चालवतो. नातीले, उर्वशीले, गोवराची सुई देऊन आणलं होतं. पोर मांडीवर घेऊन तो ओट्यावर पाय पसरून बसला.

"आता इले माय येईन का नाई?" म्हातारीनं विचारलं.

"कायची माय, काकी? जंतू असते तो. संग बसलं, उष्टं खाल्लं, की लागला. तुह्या फोडणीले नाई भेत तो."

तुळसाबाई पोरीच्या दंडावरच्या कापसाच्या बोळ्याकडं पाहत राह्यली.

"मंग म्या वेणूचं डोकं कोनाच्या पायावर टेकवलं रे?"

गोविंदानं पसरलेले पाय हळूच जवळ ओढून घेतले.