आष्टी तालुक्यातली कोरडी बोअर आणि तीन दिवसांचं गरम पाणी

मी देवळीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. भूत, चमत्कार म्हटलं की पोरांसमोर खिल्ली उडवणारा माणूस मी. तरीही हे लिहितोय, कारण हे ऐकीव नाही… स्वतः पाहिलेलं आहे.

१९९८ चा मे महिना. माझी मोठी बहीण कमलबाई, मी तिला नुसतं बाई म्हणतो, तळेगाव (श्यामजी पंत) जवळ राहायची. तिच्या संत्र्याच्या बागेत एक बोअर होती, खणल्यापासून कोरडी. भाऊजी संधिवाताने दोन वर्षं अंथरुणावर. एका दुपारी तिचा फोन आला.

"सुधाकर, बोअरमधून उकळतं पाणी उडून राह्यलं! लवकर येजो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचलो. आधी जमिनीत गुडगुड झाली, पाइपच्या तोंडाशी पाणी फुगलं आणि एकदम दोन पुरुष उंच कारंजं उडालं — वाफेसकट! पाच-सात मिनिटांनी पाणी खाली ओढलं गेलं. तासाभराने पुन्हा तेच. शाळेचं थर्मामीटर नेलं होतं. पारा नव्वदच्या वर.

मी बाईला समजावलं, "खोल कुठेतरी खडक तापलेला असतो. त्यावरचं पाणी शंभर अंशांच्या पुढे तापतं, पण वरच्या पाण्याच्या भाराने उकळू शकत नाही. थोडं पाणी वर सांडलं की भार कमी होतो, मग खालचं एकदम वाफ होऊन उसळतं."

भाऊजी आतून ओरडले, "ते रायू दे मास्तर, मले तेथी घेऊन चाला!"

खाटेसकट नेलं. पाणी घमेल्यात कोमट होऊ दिलं, बाईने त्यांचे पाय त्यात सोडले. पाऊण तासाने ते माझा खांदा धरून उठले… मग खांदा सोडला. चार पावलं चालले. बाई मटकन खाली बसून रडायला लागली.

तिसऱ्या दिवशी दहा पावलं. चौथ्या दिवशी कारंजं उडालंच नाही. दोराला दगड बांधून सोडला — तळाला खट्ट वाजला. वर आला तो धुळीने माखलेला, कोरडा.

भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला घेऊन गेलो. तो म्हणाला, "आपल्याकडचा हा काळा खडक केव्हाच थंड झालाय, इतक्या कमी खोलीवर एवढी उष्णता येणारच नाही. आणि हा पाइप बघ, प्लास्टिकचा. नव्वद अंशांत मऊ पडून वाकला असता." पाइप सरळ होता. बाजूच्या झाडाचं एक पानही पोळलेलं नव्हतं. मी बाटलीत भरून आणलेलं पाणी तपासलं, तर साधं विहिरीसारखं.

भाऊजी रोज खाट बोअरपाशीच टाकायला लावायचे. पाय पुन्हा आखडले, मग हातही. बाई विनवायची, "यायले घरात चाला म्हन रे, तुह्यं आयकतीन." त्यांनी माझंही ऐकलं नाही. पावसाळाभर ताडपत्रीखाली पडून राहिले, छातीत कफ झाला. हिवाळ्यात गेले.

जाण्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "मास्तर, पानी कसं उडते ते तुम्ही सांगतलं. बंदच व्हायचं होतं, त मले उभं काऊन केलं?"

एवढी वर्षं झाली. बाईसमोर मी अजून बोअरचा विषय काढत नाही.