माया मागू नको

लेक झाली तेव्हा घरभर पेढे वाटले गेले आणि मला मात्र तिच्याबद्दल काहीच वाटेना. टाके दुखत, पाठ भरून येई, झोपेचे खोबरे झालेले. ते सगळे सोसवत होते. पण दीड महिना उलटला तरी तिला घेतले की कुणा दुसऱ्याचे मूल सांभाळतेय असे वाटे. माया यावी म्हणून जीव तळमळे. सासूबाई म्हणत, "लई गोड हाय की पोरगी!" मी नुसती मान हलवायची.

लहानपणापासून रोज सकाळी गळ्यातले इष्टलिंग, म्हणजे शिवाचे छोटे लिंग, डाव्या तळहातावर घेऊन, त्याच्याकडे बघत मी पूजा करत आले. बाळंतपणानंतर तीही सुटली. आमच्यात सोयर पाळत नाहीत, म्हणजे अडवले कुणीच नव्हते. पण माया नसलेल्या आईने कोणत्या तोंडाने देवापुढे बसायचे?

एका सोमवारी लेकीला सासूबाईंकडे ठेवून जुळे सोलापुरातल्या घरून रिक्षाने एकटीच सिद्धेश्वराला गेले. खरे सांगते, घरी परतूच नये असे वाटत होते. देवळाबाहेर पायरीवर बसले असताना कुणाचे तरी बाळ रडले आणि माझा ब्लाऊज दुधाने भिजला. अंगाला लेक आठवली, मनाला नाही. मला रडूच कोसळले.

शेजारच्या म्हातारीने आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली. बोलण्यात कानडी हेल होता. "किती दिवसाचं लेकरू हाय गं, अव्वा?" नवऱ्यालाही न सांगितलेले सगळे मी तिला सांगून टाकले.

"मलाबी थोरल्याच्या वक्ताला असंच झालतं. कुणाला बोलले न्हाय, लई भोगलं. तू आजच डॉक्टरला सांग." मग माझ्या गळ्यातल्या लिंगाकडे बघून म्हणाली, "ह्येला हातावर घेऊन काय मागतीस?"

"काही नाही. नुसती बघते."

"मग लेकराकडं बी तसंच बघ की. माया मागू नको."

डोळे पुसून बघते तर ती गर्दीत दिसेनाशी झाली होती. शाल माझ्याकडेच राहिली. ती परत करायला पुढे कितीतरी सोमवारी गेले, पण ती भेटली नाही.

त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगितले. डॉक्टर बाई म्हणाल्या, हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो. मी वाईट नाही, आजारी आहे, हे ऐकूनच मी ढसाढसा रडले. औषधे सुरू झाली. सकाळची पूजा पुन्हा करू लागले, आणि ती झाली की लेकीचे डोके त्याच तळहातावर घेऊन तिच्याकडे बघत बसायची. कित्येक दिवस काहीच झाले नाही. मी मागणे तेवढे सोडले होते.

एका सकाळी लक्षात आले, लेक टक लावून माझ्याकडे बघतेय. पोट भरलेले होते, तिला काहीच नको होते. ती नुसती बघत होती. कधीपासून बघत असेल, देव जाणे.