घोटणी दातात धरणाऱ्या हर्मिनबाई

हर्मिनबाईंना ऐकू येईनासं झालंय हे आमच्या आवारात फक्त मला कळलं होतं, आणि ते मी पोटात ठेवलं होतं. फोबूर सें-आंत्वान या फ्रेंच सुतारवस्तीतल्या त्या आवारात बाई खुर्च्यांवर सोन्याचा वर्ख चढवायच्या, आणि शेजारच्या खोलीत मी त्याच खुर्च्यांना गादी बसवून कापड ठोकायचो. मध्ये काचेचं दार.

वर्ख लावला की तो लगेच घोटता येत नाही. वर्खाखाली लाकडाला फासलेली तांबडी माती ओली असली तर सोनं सोलून निघतं, फार वाळली तर चमक येत नाही. म्हणून घोटणीच्या टोकाला बसवलेल्या अकीकाच्या दगडानं टकटक करून ऐकायचं. भद्द वाजलं तर थांबायचं, खणखणीत वाजलं तर घोटायला घ्यायचं. दोन वर्षं बाई टकटक करून काचेतून माझ्याकडे बघायच्या आणि मी मान हलवायचो. यावर आम्ही कधी एक अक्षर बोललो नाही. माझ्यावाचून बाईंचं काही खरं नाही असं मला वाटायचं, आणि ते वाटणं मला आवडायचंही.

मागच्या महिन्यात एका खुर्चीच्या हातावरचं सोनं सोललं. मी मान हलवली होती, पण बाईंनीच कुठेतरी घाई केली असणार, असं मी ठरवून टाकलं. मालक मस्य बार्दू त्यांना म्हणाले, "आता एक पाय जरी बिघडला ना मादाम, तर घरी बसायचं. ब्राँझचा रंग फवारणारा माणूस मी बघून ठेवलाय."

आणि गुरुवारी पंधराव्या लुईच्या काळातली जोडी आली. अशा खुर्चीत सरळ रेघ शोधून सापडत नाही. पाय वाकडे, पाठ वाकडी, गुडघ्यावर कोरलेलं फूल. एका खुर्चीवर जुनं सोनं शाबूत होतं, दुसरीच्या पुढच्या पायावर बाईंनी सकाळी नवा वर्ख लावला. चार वाजता गिऱ्हाईकाची गाडी येणार होती. दीडपासूनच बार्दू बाईंच्या डोक्यावर उभे.

"झालं का?"

बाई गुडघ्यावर बसल्या. टकटक केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तोंडातले बारीक खिळे हातावर काढले, कान दिला. आवाज खणखणीत होता, निदान मला तरी तसा वाटला. मी मान हलवली.

बाईंनी मग घोटणीचा दांडा दातात धरला आणि मान पुढे करून दगड पुन्हा पायावर टेकवला. टक. टक. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अजून नाही," त्या म्हणाल्या.

"गास्तों हो म्हणतोय की," बार्दू चिडले. माझं मान हलवणं त्यांनी पाहिलं होतं. "हे दात-बित काय लावलंय? आणा इकडे."

त्यांनी दुसरी घोटणी उचलली आणि पायाच्या मागच्या अंगाला एक जोरदार हात मारला. नखाएवढं सोनं गुंडाळून दगडाला चिकटलं, खाली लालभडक माती दिसली.

"हा तुम्ही सोललात, मस्य," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी जोडते. पण आता बाहेर जा, तुमच्या धापांनी वर्ख उडतो."

ते निघून गेले. तीनला बाईंनी पुन्हा दांडा दातात धरून टकटक केली आणि कुणाकडेही न बघता घोटायला घेतलं. फुलाच्या पाकळ्यांवर चमक चढली, खोबणी मंदच राहिल्या. शेजारच्या जुन्या पायात आणि नव्यात मला तरी फरक दिसेना.

गाडी गेल्यावर बाई माझ्या दारात आल्या.

"मागच्या महिन्यातला तो हात," त्या म्हणाल्या. "ओला होता. तू हो म्हणालास. तेव्हापासून मी दातांनी ऐकते."

"मग आज माझ्याकडे का बघितलंत?"

"तुझं किती गेलंय ते बघायला. चाळीस वर्षं कानापाशी हातोडी ठोकतोस, दुसरं काय होणार?"

मी रागावलो. माझे कान चांगले आहेत, असं ठणकावलंही. बाईंनी ऐकून घेतलं, म्हणजे माझ्या ओठांकडे बघून घेतलं, आणि घोटणी एप्रनला पुसून पुढे केली.

"चाव."

मी चावली. त्यांनी माझी मान धरून दगड एका वाळलेल्या, सोनेरी पायावर टेकवला. टक. तो आवाज दातांतून थेट डोक्यात शिरला. असा स्वच्छ आवाज मी किती वर्षांत ऐकला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. माझे डोळे भरून आले.

"पुन्हा," मी दांडा न सोडताच म्हणालो.