आईच्या शोकसभेतला माईक

आई देवळ्याला शिक्षिका होती. मुख्याध्यापकांच्या पुतण्याला तिने नापास केलं, तेव्हा त्यांनी वशिला लावून तिची बदली पेठच्या डोंगरात करवली. तान्ह्या मला आजीकडे ठेवून ती गेली. परतली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. आईने पुढे तो विषय कधी काढला नाही. मी मात्र आजीकडून सगळं ऐकलं होतं आणि मनात धरून होते.

परवा नाशिकला तिच्या शोकसभेत तेच गृहस्थ बोलायला उठले. "बाई मला बहिणीसारख्या होत्या."

मी त्यांच्या हातातून माईक घेतला आणि बदलीची सगळी हकीकत सांगितली.

"जाऊ दे ना आता, पोरी," ते पुटपुटले.

"आईने जाऊ दिलं. मी नाही देणार."

ते काठी टेकत बाहेर पडले. त्यांना सोडायला कोणीही उठलं नाही. मला फार बरं वाटलं.