मंगली फोन उचलत नाही

लोक म्हणतात, "पोलिसात पोरं मिळत नाहीत? भरतीच्या मैदानावर तर जत्रा असते!" असते ना. पण निवड झाल्यावर फोन करून बोलवायचं काम माझं. म्हणून असले किस्से माझ्याकडेच साचतात.

आधी खटकला तो चहा. हजर व्हायच्या दिवशी हवालदार मडावी भाऊंनी गडचिरोलीच्या ऑफिसात निवड झालेल्या बारा जणांसाठी बारा कप मागवले. सात तसेच साय धरून बसले! पाचपर्यंत जो येणार नाही, त्याची जागा वेटिंग लिस्टला.

"घाबरू नको बाई, फोन लाव," भाऊ म्हणाले. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला आणि मी खुर्चीतून उडाले.

"हिलेच पोलिसात घ्या," भाऊ माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "चोर हसूनच मरन!"

मोहर्लीचा पोरगा सफारीचा गाइड झाला होता. "मॅडम, वाघ दिसला तं पाहुणे टिप देते. चोर दिसला तं कोण देते?"

मी "थँक यू" म्हणून फोन ठेवला!

चामोर्शीला आईने उचलला. "रोवणी चालू आहे. झाली का पाठवतो."

"काकू, हजर व्हायची तारीख असते!"

"धानाले नसते का?"

एकीचा फोन होणाऱ्या नवऱ्याने घेतला. "मॅडम, हे लाठी चालवाले शिकली तं माहं कसं होईन?"

मागून आवाज आला, "आताच शिकवू का? मॅडम, निघालीच मी!"

राहिली मंगली. भामरागडच्या पलीकडची, धावण्यात पहिली. मी तिला फक्त आवाजाने ओळखायची. गावात रेंज एका मोहाच्या झाडापाशीच. मीच तिला बजावलं होतं, "आदल्या दिवशी परत फोन करीन. फोन रेंजमध्येच ठेव, अजिबात हलवू नको!"

कालपासून नुसती रिंग जात होती. तिकडे पूल पाण्याखाली.

पावणेपाचला दारात कोणीतरी उभं! मी दचकले, पेन खाली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात चपला, धापा टाकणारी मुलगी.

"मॅडम, मी..."

"बस, बस! अर्जंट फोन चालू आहे!"

भाऊंनी तिला चहा दिला. मी पुन्हा नंबर लावला. आणि पलीकडून चक्क उचलला! म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

"मंगली? ते तं कालच डोंग्यानं नदी उतरून गेली. फोन इथीच झाडाले टांगून ठेवला. म्हणे, हलवू नको म्हणून मॅडमनं सांगतलं आहे!"