ओलं फडकं

बायकोचा चेहरा माझ्या हातून फुटला, हे मी मुलाला अजून सांगितलेलं नाही. ती गेली त्याला पाच वर्षं झाली. आता लिहून टाकतो.

मुलाने आम्हाला अमेरिकेत, ॲन आर्बरला आणलं. जन्मभर मी पेणला गणपती घडवले, इथे हात रिकामे. मागच्या रस्त्याला एका डच शिल्पकाराची शेड होती. माणूस उर्मट, पण हात बघावा त्याचा. दगड फोडी, लाकूड कोरी, ब्राँझ ओती, नाण्याएवढ्या पदकावर अख्खं गलबत बसवी. मी त्याची माती तुडवायला लागलो.

एकदा बायको डबा घेऊन आली. तो बघतच राहिला. म्हणाला, "हिचं डोकं करतो. आधी मातीत, मग ब्राँझमध्ये."

मी हरखलो. फोटोत ती कायम खाली मान घालायची, धड चेहरा कुठेच नाही. तेव्हा तिच्या पोटात गाठ होती, आणि मला ते ठाऊक होतं. तरी आठ दिवस स्टुलावर बसवली.

"अहो, पाठ मोडली. घरी जाऊ?"

"गप बस. मान हलवू नकोस."

चेहरा हुबेहूब उतरला. मग डचमन आठवडाभर बाहेरगावी गेला. बजावून गेला, "मातीवरचं फडकं ओलं ठेव. आल्यावर साचा घेऊ."

मी मनात म्हटलं, हा मला माती शिकवतो! आमची मूर्ती सावलीत सुकते, मगच रंग लागतो. फडकं काढून फेकलं.

पण आमच्या मूर्तीत लोखंड नसतं. याने केलेल्या डोक्यात आधाराला सळ्या. माती आकसली, सळ्या कुठल्या आकसतात? चौथ्या दिवशी कपाळापासून हनुवटीपर्यंत चीर, नाक खाली पडलेलं.

डचमन आला, बघून हसला. "तिला पुन्हा आण."

ती हॉस्पिटलात होती. तरी मी निर्लज्जासारखं विचारलं.

"आता बसवत नाही," ती म्हणाली. "आडवी घडवा."

बारा दिवसांनी गेली.

तेरावं उरकून शेडवर गेलो. डचमनने माझ्यासमोर डोकं हातोडीने सळ्यांवरून उतरवलं, पिंपात टाकून पाणी ओतलं. त्याला एका बँकेच्या दारात घोडा उभा करायचा होता.

"माती चांगली आहे. उद्या तुडव."

सकाळी पिंपात तिचा कान अजून ओळखू येत होता. बघवेना, म्हणून तोच आधी टाचेखाली घेतला.

घोड्याचं ढुंगण त्या मातीचं झालं. गोळे मीच हातात देत होतो.